विहिरीचा विसावा

वैशाख लागला की आमच्या सोसायटीच्या गेटाजवळच्या फळ्यावर सेक्रेटरी खडूने लिहितात, ‘गुरुवारी पाणी येणार नाही. सभासदांनी साठा करून ठेवावा.’ बाकी सगळं जग मोबाइलवर गेलं, पण हे गृहस्थ फळा सोडायला तयार नाहीत. त्यांचं अक्षर सुरेख आहे आणि ते चारचौघांनी पाहावं अशी त्यांची इच्छा असणार. खडू मात्र निळाच वापरतात. भाजीची पिशवी घेऊन परत येताना मी त्या फळ्यापुढे रेंगाळते, आणि वॉचमनचं लक्ष नाही असं पाहून खाली पडलेला खडूचा तुकडा उचलते. बोटांना निळं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हा उद्योग शोभत नाही हे मला कळतं. पण त्या निळ्या भुकटीबरोबर माझा एक अख्खा उन्हाळा परत येतो, त्याला मी तरी काय करू.

तो उन्हाळा सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. तेव्हा ‘नवी मुंबई’ म्हटलं की लोक हसायचे. शहर कागदावर होतं आणि कागद कचेरीत होता. वाशीला थोड्या इमारती उठल्या होत्या, तुर्भ्याला कारखाने आणि ट्रकांच्या रांगा होत्या. पण इकडे पनवेलच्या अंगाला, गाढी नदीच्या खोऱ्यात, अजून भाताची खाचरं होती, मिठागरं होती आणि खाडीच्या कडेने चिखलात उभी खारफुटी होती. प्रत्येक गावाला आपला एक लहानसा तलाव. तलावाच्या काठी देऊळ, आणि तलावापासून हाकेच्या अंतरावर गावाची विहीर. मी नुकती भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि या खोऱ्यातल्या भूजलाच्या अभ्यासावर एका प्राध्यापकांच्या हाताखाली सहायक म्हणून लागले होते. जमिनीच्या पोटात पाणी किती आहे, ते येतं कुठून आणि जातं कुठे, एवढंच शोधायचं होतं. सांगायला सोपं, हे तेव्हाही माझ्या आईला वाटायचं. पोरीला एवढं शिकवलं आणि ती लोकांच्या विहिरीत डोकावत फिरते, असं ती शेजारणींना सांगायची.

मी मूळची नगरकडची. आमच्याकडे विहिरीत डोकावलं की तळाचा नुसता अंधार दिसायचा, इतकी ती खोल. इथल्या विहिरी मला पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा खेळण्यातल्या वाटल्या. वाकलं की आपला चेहरा दिसतो, एवढ्या जवळ पाणी. पण खोलवर काही नाही. वरचा मुरूम पाणी पितो, खाली काळा पत्थर तोंड मिटून बसलेला. खाडी इतकी जवळ, की विहिरीतलं गोडं पाणी फार उपसलं तर खारं पाणी आत शिरायला टपलेलंच असतं. कोकणातलं पाणी म्हणजे घरात आलेला जावई, असं आमचे सर म्हणायचे. चार महिने नुसता थाट आणि बाकीचे आठ महिने शोधत फिरायचं.

सरांचं नाव कारखानीस. टक्कल, काळी छत्री, शर्टाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या. ऊन कितीही असो, छत्री विहिरीवर धरायचे, स्वतःवर नाही. पाण्यावर ऊन चमकलं की नीट दिसत नाही म्हणून. माप घ्यायची आमची पद्धत ऐकली तर हसाल. पोलादी टेपच्या टोकाला शिशाचं वजन लावायचं, खालच्या हातभर भागाला निळा खडू फासायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. कठड्यावरच्या खुणेशी तो धरून आकडा वाचायचा आणि वर ओढायचा. जिथपर्यंत खडू भिजून गडद झाला, तिथपर्यंत पाणी. बस, झालं संशोधन. कठड्यावरची खूण मी स्वतः लाल ऑइलपेंटने केली होती. बायकांना ती टिळ्यासारखी वाटली असावी, कारण पुढच्या खेपेला पाहते तर खुणेवर हळदकुंकू आणि वर एक जास्वंद. मला वाटलं, सर वैतागणार. त्यांनी फूल अलगद बाजूला ठेवलं, माप घेतलं, आणि फूल होतं तिथे परत ठेवलं. त्या दिवसापासून मला सर आवडायला लागले.

त्यांचा एक मंत्र होता. पाण्याबद्दल माणसांना विचारू नका, विहिरीला विचारा. माणूस अंदाज सांगतो, विहीर माप सांगते. हे ते इतक्या वेळा म्हणायचे की जीपच्या ड्रायव्हरलाही पाठ झालं होतं, आणि तो पेट्रोलच्या काट्याकडे बघत तेच म्हणायचा.

ज्या गावाची ही गोष्ट, त्याचं नाव मी लिहीत नाही. आज ते एका सेक्टरच्या नंबरात जाऊन बसलं आहे आणि तिथल्या दुकानांच्या पाट्यांवरही नंबरच असतो. तेव्हा मात्र ते चांगलं ऐसपैस गाव होतं. आम्ही दर बुधवारी सकाळी तिथे जायचो. चैत्र सरत आलेला असायचा, शेतात राब भाजायचे. पालापाचोळा, शेण, गवत पेटवून भाताच्या रोपांची जागा तयार करायची. त्याचा धूर गावावर पातळ पसरलेला असायचा. आमच्या जीपच्या कापडी छताला त्याचा वास बसला होता. मला अजूनही कुठे पाला जळाला की भूक लागते, कारण त्या धुरातून आम्ही नामीबायच्या अंगणात उतरायचो आणि तिच्या चुलीवर तांदळाची भाकरी असायची.

नामीबायचं घर विहिरीला सगळ्यात जवळ. आखूड नेसलेलं लुगडं, गळ्यात काळी पोत, आणि आवाज असा की तलावापलीकडचं माणूस इकडे बघेल. सरांना ती मास्तर म्हणायची, मला पोरी. जीप थांबायचा अवकाश, तिच्या हातात गूळ आणि पाण्याचा तांब्या. मग चहा. मग ताडगोळे, ते ती सोलून आमच्या तळहातावर ठेवायची, थंडगार आणि थरथरणारे. सर म्हणायचे, आपण इथे माप घ्यायला येतो की माहेरपणाला, हे एकदा ठरवायला हवं. बाकीच्या गावांत आम्हाला कुणी विचारायचं नाही असं नाही, पण या गावाची गोष्टच वेगळी. विहिरीभोवतीचा चौथरा झाडून शेणाने सारवलेला, दोर गुंडाळून खुंटीला टांगलेला, एकही घागर मध्ये नाही. सणाच्या दिवशी घर असतं तशी ती विहीर आमची वाट बघत असायची.

आणि पाणी? पाणी तर नवलच होतं. उन्हाळा चढत चालला तशा खोऱ्यातल्या सगळ्या विहिरी उतरत चालल्या. याच गावचा तलावही आटत निघालेला. कडेचा चिखल सुकून त्याच्या पापड्या झालेल्या, बगळे मधोमध उभे राहायला लागलेले. पण विहीर ढळायला तयार नाही. दर बुधवारी टेप वर यायचा आणि खडू जवळजवळ तिथेच भिजलेला. सर हरखून गेले. या विहिरीला खालून कुठला तरी झरा असणार, पत्थराला फट असणार, डोंगराकडून पाणी येत असणार. जीपमध्ये ते हवेत बोटाने त्या फटीची चित्रं काढायचे. आपल्या पोराचा पहिला नंबर आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

ही नुसती हौस असती तर प्रश्न नव्हता. पण नव्या शहराच्या नकाशात त्या तलावाच्या जागी बाजार आणि ट्रक उभे करायचं मैदान आखलं होतं. नकाशा करणाऱ्यांनी सरांना विचारलं होतं, तलाव बुजवला तर गावाच्या विहिरीचं काही बिघडेल का? बिघडत नसेल, तर पावसाच्या आधी भराव टाकून मोकळे होऊ. तलाव आटतोय आणि विहीर ढळत नाही, याचा अर्थ सरळ होता. तिचं तलावावाचून काही अडत नाही. सरांना तलाव बुजवायची मुळीच घाई नव्हती, पण विहिरीने दिलेलं उत्तर ते कसं बदलणार? त्यांनी अहवाल लिहायला घेतला.

मग नामीबायच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी जासईची, नाव सुगंधा. नामीबायने आम्हाला रविवारच्या लग्नाचं बोलावणं दिलं, हातावर अक्षता ठेवून. सरांना रविवारी जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याकडे आहेर दिला, एक पितळी कळशी. भूजलवाल्या माणसाला दुसरं काय सुचणार. मला मात्र हळदच पाहायची होती. इथल्या आगरी लोकांची हळद म्हणजे लग्नाहून दांडगी, असं ड्रायव्हरने माझ्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून मी कुणाला न कळवता शनिवारीच एस.टी.ने गेले.

मांडवाला जांभळाच्या डहाळ्या बांधल्या होत्या. वाल सोलायला बसलेल्या बायका, चुलाणावर रटरटणारं कालवण, आणि मधोमध धवलारीण. ही त्यांच्या लग्नातली गाणारी बाई. तिच्या धवळ्यांशिवाय विधी पुढे सरकत नाही, आणि तिचा गळा बसला तर लग्न खोळंबतं. मला पाहून नामीबाय क्षणभर दचकली. मला ते जाणवलं, पण लग्नघरात यजमानीण दचकतेच, असं म्हणून मी सोडून दिलं. मला कुणीतरी हळद माखली. ऊन कलल्यावर बायका नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणायला निघाल्या, वाजंत्री पुढे, धवलारीण गात मध्ये, आणि मी त्यांच्या मागे.

विहिरीला कुंकू वाहिलं, माझ्या लाल खुणेलाही वाहिलं. मग पोहरा सोडला. तो गेला, गेला, दोर सुटत राहिला आणि खाली खडकावर खणकन आवाज झाला. वर आला तेव्हा अर्धा, आणि त्यातही गढूळ. मी कठड्यावर ओणवी झाले. तळ दिसत होता. एका कोपऱ्यात परातीएवढं पाणी, आणि बाकी सगळा ओला, उघडा, काळा दगड. तीन दिवसांपूर्वी, बुधवारी, मी या विहिरीत टेप सोडला होता आणि पाणी नेहमीच्या जागी होतं. मी वळून पाहिलं तर सगळ्या बायका दुसरीकडे बघत होत्या. धवलारीण तेवढी गात होती.

हळद उरकल्यावर नामीबाय मला मागच्या पडवीत घेऊन गेली. पुढ्यात पान वाढलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

“पोरी, तू आज येनार हायेस ते मना ठावं नव्हतं,” ती म्हणाली. “नायतं विहिरीला इसावा दिला असता.”

मला अर्थ कळेना. मग तिने सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं. गावात पाहुणा यायचा असला की आदल्या दिवशी दुपारपासून विहिरीत कुणी पोहरा टाकायचा नाही, अशी त्यांची रीत होती. धुणं-भांडी तलावावर न्यायची, प्यायला घरातलं साठवणीचं पुरवायचं. रात्रभरात विहीर वर येते. सासूच्या सासूपासून असंच चालत आलेलं. जासईची माणसं सोयरीक ठरवायला आली तेव्हा दोन दिवस विसावा दिला होता. ज्या गावात लेक द्यायची तिथली विहीर लोक आधी बघतात. मग दर बुधवारी तर मास्तर येतात, तेही नुसते बघायला नाही, मोजायला. शिवाय ज्या गावाला पाणी नाही त्याला सरकार उठवून दुसरीकडे नेणार, असं बाजारात कुणीतरी बोललेलं. म्हणून दर मंगळवारी अख्खं गाव दुपारपासून तहान आवरून बसायचं, आम्ही येऊन जाईपर्यंत.

“घरातला रिकामा डबा कोन पावन्याच्या म्होरं उघडतंय?”

मला आधी हसू आलं. सरांची ती डोंगराकडून येणारी फट माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आमचा सगळा शोध म्हणजे एका गावाचा पाहुणचार होता. आणि मग हातातला घास मी परत पानात ठेवला, कारण अहवाल मला आठवला. तलावाचं प्रकरण नामीबायला माहीतच नव्हतं. मी तिला सांगितलं: तलाव बुजवायचा घाट आहे, आणि विहीर सदा भरलेली दिसते म्हणून सर लिहिणार आहेत की तिला तलावाची गरज नाही.

मांडवात मुलं ओरडत होती. तिच्या हातांना वाळलेली हळद होती, ती नखाने खरवडत राहिली.

“शेतं सरकारच्या कागदावर गेलीच,” ती म्हणाली. “आता तलाव गेला तर विहिरीत खाडी शिरंल. मंग उद्या येनाऱ्या पोरीला मी काय पाजू?”

मी म्हटलं, तलाव अजून गेलेला नाही. पण यापुढे मी वार ठरवून येणार नाही, कधीही येईन, आणि विहिरीला विसावा द्यायचा नाही. जशी असेल तशी मला दिसली पाहिजे. हे तिला पटेना. तिची मान ताठ झाली.

“न सांगता पावना येत नाय,” ती म्हणाली. “न सांगता घरचा मानूस येतो.” मग माझ्या हळद लागलेल्या तोंडाकडे बघून थोडी हसली. “मंग तसा ये.”

सोमवारी सरांना सांगितलं तेव्हा ते अहवालाचं शेवटचं पान लिहीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, लिमलेटची गोळी तोंडात टाकली आणि हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके हसले. “आपण विहिरीला विचारत होतो,” ते म्हणाले, “आणि गाव तिला दर मंगळवारी पढवून ठेवत होतं.” मग लिहिलेले कागद त्यांनी शांतपणे फाडले. झऱ्याचं त्यांना वाईट वाटलं असणार. बरेच दिवस त्यांनी हवेत चित्रं काढली नाहीत.

पुढचे दिवस मी त्या गावात कधी सकाळी, कधी दुपारी, कधी तिन्हीसांजेला जाऊन टपकत होते. आणि गंमत अशी की माझे लाड एकदम बंद झाले. गूळ नाही, पाणी नाही, ताडगोळे तर नाहीतच. चौथऱ्यावर घागरींची गर्दी, शेवाळ, भांडणं, लेकरांची रडारड. माझ्या लाल खुणेवर कुणाची तरी ओली चुंबळ. “सरक गं,” म्हणून बायका मला कोपराने बाजूला करायच्या. टेप वर ओढून होतो न होतो तोच माझ्या हातात दोर दिला जायचा. तळ गाठलेल्या विहिरीतून पाणी काढणं म्हणजे पोहरा तिरका सोडायचा, हलकेच झोका द्यायचा आणि त्या परातीएवढ्या डबक्याची एक वाटी तरी आत घ्यायची. मला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. माझा पोहरा दगडावर आपटला की गावभर हसू फुटायचं. मला इतकं आपलेपण त्याआधी आणि त्यानंतर फार थोड्या ठिकाणी मिळालं आहे.

सुगंधा तेव्हा नुकती आलेली. हातभर हिरवा चुडा, आणि दोराने सोललेले तळवे. आम्ही दोघी बाहेरगावच्या, वयानेही सारख्याच, म्हणून आमची गट्टी जमली. तिने मला सांगितलं, सोयरिकीच्या वेळी तिच्या बापाने या विहिरीत हाताने पाणी शिवलं होतं आणि घरी जाऊन सांगितलं होतं की पोरगी सुखात राहील. लग्नानंतर पहिल्यांदा तिने पोहरा सोडला आणि दोर संपत आला तरी पाणी लागेना, तेव्हा ती सासूला म्हणाली, “फसवलीत मना.” सासू कठड्यावर बसून हसत सुटली आणि म्हणाली, मलापन अशीच आनलेली. हे सांगताना सुगंधाही हसत होती. त्या गावात आलेली प्रत्येक सून त्या भरलेल्या विहिरीला भुललेली होती, आणि पुढच्या सुनेसाठी तोच विसावा पाळत आली होती.

विहीर रोज रिती होते हे माझ्या आकड्यांत दिसायला लागलं. पण ती भरते कुठून, हे दाखवल्याशिवाय तलाव वाचणार नव्हता. सरांनी सुचवलं की रिकाम्या विहिरीत उतरून भिंती पाहाव्यात. पाणी ज्या बाजूने येत असेल तिथला दगड सांगेलच. त्यांच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारलेला होता, तेव्हा उतरणार मी, हे उघड होतं. बांधकामात पाय ठेवायला खोबणी होत्या. सकाळचं पाणी भरून झाल्यावर नामीबायने स्वतः माझ्या कमरेला दोर बांधला, दोनदा ओढून पाहिला, आणि म्हणाली की मला काही झालं तर माझ्या आईला जबाब तिला द्यावा लागेल, तेव्हा नीट उतर. दोराचं दुसरं टोक सुगंधाने आणि आणखी चौघींनी धरलं.

खाली गारवा होता. वर वैशाखाचं ऊन पेटलेलं आणि इथे पावसाळ्यासारखा ओला वास. आकाश ताटलीएवढं, आणि ताटलीच्या काठाने सगळ्यांची डोकी, सरांची छत्रीसुद्धा. मी हात लावत भिंतीभोवती फिरले. डोंगराकडचा दगड कोरडा. खाडीकडचा कोरडा. गावाकडचा कोरडा. तलावाकडच्या भिंतीला मात्र हात लावला आणि बोटांवर पाणी आलं. दगडांच्या सांध्यासांध्यातून ते झिरपत होतं, घाई न करता, खालच्या डबक्यात टप टप पडत होतं. मी बोट चाटलं. गोड होतं. विहीर भरलेली असती तर ही भिंत पाण्याखालीच राहिली असती आणि आम्ही जन्मभर डोंगराकडे बघत बसलो असतो. मी वर पाहून ओरडून सांगितलं, तलावाकडून येतंय. मग नामीबायचा आवाज विहिरीत घुमला, की कळलं, आता वर ये, आन पाय बघून टाक.

सरांनी नवा अहवाल लिहिला. तलाव हेच या विहिरीचं पाणी आहे, तो बुजवला तर विहीर आटेल आणि उरलंसुरलं खारं होईल, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. कचेरीत त्यावर बरीच चर्चा झाली म्हणे. भराव त्या वर्षी पडला नाही. पुढे रस्त्यासाठी तलावाचा एक कोपरा गेला, बाजार आणि ट्रक दुसरीकडे सरकले, आणि बाकीचा तलाव राहिला. संशोधनातून माझ्या हातून एवढंच झालं, असं मी कधी म्हणते तेव्हा माझा नवरा विचारतो, एवढंच म्हणजे काय? मग मला बरं वाटतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही याच भागात फ्लॅट घेतला. गावात नळ आला. नळ आला आणि विहिरीवरची गर्दी ओसरली, चौथऱ्यावर गवत उगवलं, मग कुणी पडू नये म्हणून लोखंडी जाळी बसली. मी अधूनमधून जायची, अर्थात न सांगता. नामीबायचे डोळे गेले होते, पण चपलांच्या आवाजावरून मला ओळखायची. एकदा तिने मला विचारलं की विहिरीत पाणी किती. मी जाळीतून पाहिलं. काठोकाठ होतं. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, आता काय, आता तिला रोजच इसावा. तिच्या बोलण्यात सुख होतं की दुखणं, ते मला तेव्हाही कळलं नाही. ती गेली, सरही गेले. सरांच्या जाण्याची बातमी कळली त्या दिवशी मी कपाटातला जुना टेप काढून पुसून ठेवला, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

काल गुरुवार. फळ्याने सांगितल्याप्रमाणे पाणी आलं नाही. आमच्या सोसायटीने टँकर मागवला, टँकरवरून नेहमीची भांडणं झाली, कुणाचा पाइप आधी लावायचा यावर दोन सज्जन गृहस्थ हमरीतुमरीवर आले. मी खडूचा तुकडा पर्समध्ये टाकला आणि रिक्षा करून गावात गेले. सुगंधाला फोन केला नव्हता.

तलाव भेटला. त्याला आता दगडी काठ आहे, बाकं आहेत, संध्याकाळी चालणारी माणसं आहेत. विहिरीपाशी पोहोचले आणि पाहते तर जाळीचं दार उघडं. नळ बंद म्हणून अख्खं गाव तिथे लोटलेलं. प्लास्टिकचे कॅन, बादल्या, गलका, ओली चुंबळ कठड्यावर. माझी लाल खूण कधीच पुसली गेली आहे, पण ती होती तिथे कुणीतरी अजून कुंकू लावतं. मधोमध सुगंधा, केस सगळे पांढरे, आणि आवाज थेट सासूचा. शेजारी एक पितळी कळशी, ठिकठिकाणी पोचे आलेली.

मला पाहून तिची नातसून लगबगीने घराकडे निघाली. आजी, मी पावनीला खुर्ची आनते, असं काहीतरी म्हणाली.

“खुर्ची कशाला?” सुगंधा म्हणाली. “ती पावनी नाय.” आणि माझ्याकडे न बघताच तिने हात पुढे केला. “आलीस? धर हा दोर. माझी कंबर गेलीय.”

मी चपला काढल्या आणि दोर धरला.